वॉलरस

उत्तर ध्रुवीय प्रदेशातील उथळ समुद्रांत राहणारा, लांब सुळे असलेला अवजड सस्तन प्राणी. मांसाहारी गणातील ओडोबेनिडी कुलाची ही एकमेव हयात जाती असून तिचे शास्त्रीय नाव ओडोबेनस रॉसमॅरस आहे. सीलप्रमाणे त्याला बाहेरून दिसणारे कान नसतात. मात्र सी-लायनप्रमाणे मागचे पाय शरीराखाली पुढे वळवता येत असल्याने तो बर्फावर चारही पायांनी चालू शकतो. बेरिंग व चुकची समुद्रांतील पॅसिफिक आणि कॅनडाच्या ईशान्य भागापासून ग्रीनलंड व स्वालबार्डपर्यंत आढळणारा अटलांटिक, असे त्याचे दोन मुख्य उपप्रकार मानले जातात.

पॅसिफिक उपप्रकारातील प्रौढ नराचे वजन साधारणतः ८०० ते १,७०० किग्रॅ. भरते, मादी त्याहून बरीच लहान असते. जाड, सुरकुतलेल्या कातडीखाली चरबीचा थर असतो. थंड पाण्यात त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने प्राणी फिकट दिसतो आणि उन्हात पहुडला की त्या रुंदावून त्याला गुलाबी छटा येते. घशाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पिशव्यांत हवा भरून तो पाण्यात उभ्यानेच तरंगत झोपू शकतो.

सुळे म्हणजे वरच्या जबड्यातील पटाशीच्या शेजारचे रदनक दात होत. ते नर व मादी दोघांनाही असतात, आयुष्यभर वाढतात आणि मोठ्या नरात त्यांची लांबी एक मीटरपर्यंत जाते. वॉलरस सुळ्यांनी समुद्रतळ उकरून अन्न मिळवतो, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. परंतु सुळ्यांचा खरा उपयोग कळपातील वरचढपणा दाखवण्यासाठी, झुंजीसाठी आणि बर्फावर चढताना आधारासाठी होतो. अन्न शोधण्याचे काम मात्र फारशा कौतुकास पात्र न ठरलेल्या मिशांचे आहे. थोबाडावर ४०० ते ७०० राठ मिशा असतात व प्रत्येकीच्या मुळाशी रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचे दाट जाळे असल्याने गढूळ, अंधाऱ्या तळाशी गाळातील शिंपले त्याला स्पर्शानेच सापडतात. गाळ तो तोंडातून सोडलेल्या पाण्याच्या झोताने किंवा पुढच्या पायाच्या फटकाऱ्याने बाजूला सारतो. ईशान्य ग्रीनलंडमधील निरीक्षणांत यासाठी उजव्या पायाचा वापर अधिक आढळला. त्यानंतर शिंपला ओठांत धरून जीभ दट्ट्यासारखी झपाट्याने मागे ओढली, की तोंडात निर्वात स्थिती निर्माण होऊन मऊ मांस शिंपल्याबाहेर खेचले जाते. म्हणूनच त्याच्या जठरात कवचे क्वचितच आढळतात.

समागम हिवाळ्याच्या उत्तरार्धात, पाण्यात होतो. त्या काळात नर घंटानादासारखे ध्वनी काढून माद्यांना आकर्षित करतात. फलित अंडे गर्भाशयाच्या भित्तीत लगेच रुजत नाही, काही महिने थांबते. या प्रक्रियेस विलंबित रोपण म्हणतात आणि तिच्यामुळे समागमापासून जन्मापर्यंतचा एकूण काळ सुमारे १५ महिने होतो. एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, ते जन्मतःच पोहू शकते व दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ आईजवळ राहते. प्रजननाचा वेग इतका मंद असल्याने एकदा घटलेली संख्या भरून येण्यास दीर्घ काळ लागतो.

हस्तिदंतासारखे सुळे, तेल व कातडी यांसाठी वॉलरसची प्रचंड शिकार झाली. मध्ययुगीन युरोपात ग्रीनलंडच्या नॉर्स वसाहतींतून सुळे येत. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या बाराव्या शतकातील बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी बहुतेक वॉलरसच्या सुळ्यांच्याच आहेत. सेंट लॉरेन्स आखातातील कळप अठराव्या शतकाअखेर नष्ट झाले, तर स्वालबार्डमध्ये नॉर्वेने १९५२ मध्ये संरक्षण दिले तेव्हा मोजकेच प्राणी उरले होते. इन्युइट, युपिक व चुकची या स्थानिक समाजांची निर्वाहापुरती शिकार याहून वेगळी असून मांसाइतकेच होड्या मढवण्यासाठीच्या कातडीलाही त्यांच्या जीवनात मोल आहे.

आज शिकारीपेक्षा बर्फाचा ऱ्हास अधिक गंभीर ठरतो. पॅसिफिक वॉलरसच्या माद्या व पिल्ले उन्हाळ्यात तरंगत्या बर्फावर विसावतात आणि तेथूनच खालच्या उथळ, समुद्रबूड जमिनीवर चरायला उतरतात. बर्फाची कड खोल समुद्रावर सरकली, की त्यांना किनाऱ्याचा आश्रय घ्यावा लागतो. सप्टेंबर २०१४ मध्ये अलास्कातील पॉइंट ले येथे सुमारे ३५,००० वॉलरस एकत्र जमले होते. अस्वलाच्या किंवा विमानाच्या आवाजाने असा जमाव बिथरून पाण्याकडे धावला, तर पिल्ले चिरडली जातात. त्यामुळे अशा किनाऱ्यांपासून दूर व उंचावरून उडण्याच्या सूचना वैमानिकांना दिल्या जातात.