निद्रेनंतर प्रोसेसर सेटिंगची पुनर्स्थापना
संगणक ‘एस३’ निद्रेत गेला की रॅमचा वीजपुरवठा चालू राहतो. प्रोसेसरचा मात्र तुटतो आणि त्याच्या रजिस्टरमधील नोंदी पुसल्या जातात. ही अवस्था १९९६ च्या एसीपीआय मानकातली. जाग येताच प्रथम फर्मवेअर चालते. प्रत्येक कोअरची सेटिंग पूर्ववत करून ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे सूत्रे सोपवते. उदा., इंटेलच्या फीचर कंट्रोल रजिस्टरमध्ये क्रमांक ० चा बिट कुलपाचा, तर क्रमांक २ चा आभासीकरणाच्या परवानगीचा असतो. एखाद्या कोअरवर परवानगीविनाच कुलूप लागले, तर झोपेपूर्वी सुरळीत चाललेले आभासी यंत्र नंतर चालत नाही आणि रीसेट होईपर्यंत ते कुलूप उघडत नाही. म्हणून ही पुनर्स्थापना सर्व कोअरवर एकसारखी होणे अत्यावश्यक असते.