'डिजिटल अटक' : ज्येष्ठांना हवी आपल्या माणसांची साथ

भारतीय कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद नाही. तरीही या नावाखाली अनेक ज्येष्ठ नागरिकांची आयुष्यभराची पुंजी लुबाडली गेली आहे. पोलीस, सीबीआय किंवा सीमाशुल्क अधिकारी असल्याचे भासवून मोबाइलवर व्हिडिओ कॉल केला जातो. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले', 'तुमचे आधार कार्ड गैरव्यवहारात वापरले गेले', असे सांगून धमकावले जाते. त्यानंतर 'कॉल बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका', अशी ताकीद दिली जाते. फसवणुकीचे खरे बळ या गुप्ततेत असते. मुले परगावी किंवा परदेशी असलेले ज्येष्ठ म्हणूनच सहज जाळ्यात सापडतात.

त्यामुळे केवळ सूचनांची यादी देऊन भागत नाही. असा कॉल बंद करून प्रथम कोणाला कळवायचे, हे घरात आधीच ठरलेले असावे. मुले दूर असल्यास शेजारी, सोसायटीचे सचिव किंवा ज्येष्ठ नागरिक संघातील स्नेही यांच्यावर ही जबाबदारी सोपवावी. चूक झाली तरी कोणी रागावणार नाही, हा विश्वासही ज्येष्ठांना द्यायला हवा. लाजेपोटी तक्रारीस झालेला विलंब भामट्यांच्याच पथ्यावर पडतो.

पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. वेळेत तक्रार झाल्यास रक्कम पुढील खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. ज्येष्ठांना मार्गदर्शनासाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन' उपलब्ध आहे.