दिवाळी ते शिमगा : नगरच्या मिशनचा हंगाम आणि तुटलेली माहेरे

आमच्या घरी पणजीची एक वही आहे. पुठ्ठा सुटलेला, कडा कुरतडलेल्या. पणजोबा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. वही सुरू झाली ती लग्नातला आहेर टिपण्यासाठी; पण आहेराची यादी चार पानांतच आटोपली आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर पणजीने आल्यागेल्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. कोण आले, किती रात्री राहिले, किती बाजरी दळावी लागली. तारखा इंग्रजी नाहीत, मराठी महिन्यांच्या आहेत.

ही वही मी प्रथम वाचली तेव्हा दोन गोष्टी नजरेत भरल्या. एक, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतची पाने खच्चून भरलेली आणि चैत्र ते आश्विन जवळजवळ कोरे. दुसरी, एवढ्या पाहुण्यांत पणजीच्या माहेरचे कोणीच नाही. पंचक्रोशीतले लोक आहेत, नगरचे उपदेशक आहेत, साहेब आहेत, मडमा आहेत, कुठल्या कुठल्या चुलतसासऱ्यांचे साडू आहेत. माहेर मात्र नाही, आणि तेही जेमतेम सात कोसांवर असताना.

पहिल्या गोष्टीचे उत्तर इतिहासाच्या कागदपत्रांत सापडते. दुसऱ्या गोष्टीचे तिथे सहजासहजी सापडत नाही. पण या दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत असे मला आता वाटते, म्हणून हा लेख.

*

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले. गॉर्डन हॉल हा त्यांतला एक अग्रणी. मराठी शिकणे, शाळा काढणे आणि बायबलचे भाषांतर करणे यांत त्याची उमेदीची वर्षे गेली. १८२५ साली त्याची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला परतली, तो मागे राहिला. पुढच्या वर्षी, २ मार्च १८२६ रोजी, तो नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यावर निघाला. मार्च म्हणजे थंडी सरलेली, पाणवठे आटू लागलेले. वाटेत पटकीची साथ होती. जवळची औषधे लोकांना वाटत तो परतीला लागला आणि २० मार्चला स्वतःच त्या साथीत वाटेवर गेला. वय ४१. त्याने ज्यासाठी कष्ट घेतले तो मराठी नवा करार त्याच वर्षी छापून झाला.

ही हकिकत मिशनच्या इतिहासात हौतात्म्य म्हणून सांगतात. मला तिच्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे हंगाम चुकल्याची किंमत. दुसरी म्हणजे दूर गेलेले कुटुंब. मिशनच्या पुढच्या शंभर वर्षांत या दोन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे केले. याच नगरात १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले. देशावर बस्तान बसल्यावर मिशनच्या माणसांना एक गोष्ट लवकर कळली : इथले वर्ष इंग्रजी कॅलेंडरावर चालत नाही. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी जात नाही. चाके आसापर्यंत रुततात. उन्हाळ्यात गोरी कुटुंबे महाबळेश्वर गाठत. उरला तो काळ दिवाळी ते शिमग्याचा. बाजरीची खळी झालेली असतात, रब्बीची ज्वारी उभी असते, शेताला राखणीपलीकडे फारसे काम नसते. लोक घरी भेटतात, रात्री जागतात, गोष्ट ऐकायला बसतात. याच महिन्यांत लग्नाच्या बोलण्या होतात, कार्तिकीची वारी होते, जत्रा भरतात, हुरडा निघतो. म्हणजे मिशनने स्वतःचा असा हंगाम काढला नाही. आधीपासून चालत आलेल्या पाहुणचाराच्या हंगामात ते सामील झाले.

दौऱ्याची पद्धत अशी. बैलगाडीवर तंबू, भांडी, औषधांची पेटी, विकायची पुस्तके आणि पुढेपुढे जादूचा कंदील. एखाद्या आमराईत किंवा गावाबाहेरच्या झाडाखाली मुक्काम. सकाळी आसपासच्या वाड्या-वस्त्या, दुपारी शाळेची तपासणी, आठवड्याच्या बाजारी बाजार, आणि रात्री कीर्तन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा साचा आपलासा केला. कृष्णराव सांगळे यांचे नाव या संदर्भात घ्यावेच लागते. वीणा, टाळ, पूर्वरंग-उत्तररंग सगळे तेच, आख्यान मात्र येशूचे. ऐकणाऱ्याला परके वाटू नये, ही त्यामागची समज होती.

नगर-औरंगाबाद रस्त्यावरच्या वडाळ्याला सॅम्युअल फेअरबँक यांचे ठाणे होते. ते या दौऱ्यांत पक्षी आणि शंख-शिंपले यांचीही टिपणे ठेवत. पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द आजही आहे. आमच्या वडीलधाऱ्यांना मात्र आठवण राहिली ती दुसरीच : साहेब चावडीवर बसत नसे, थेट महारवाड्यात येऊन टेकत असे.

*

आता माहेराच्या प्रश्नाकडे येते.

१८३९च्या सुमारास नगरला हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक अशा काही ब्राह्मण तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. १८५४ साली या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अशा माणसांचे पुढे काय होई, हे ठरलेले होते. घरातून नाव काढले जाई, घटस्फोट करून श्राद्ध घातल्याच्याही कथा आहेत. १८५० साली सरकारने कायदा केला की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही. कायद्याने जमिनीचा वाटा मिळू शकत होता. पंगतीतले पान कोणत्याही कायद्याने मिळणार नव्हते.

या तुटण्याचे सर्वांत प्रामाणिक वर्णन मराठीत एकाच पुस्तकात आहे आणि ते आपण सर्वांनी वाचलेले असते : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचे सासर एका दिवसात नाहीसे झाले. पुढची काही वर्षे त्या पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. मग त्या पतीकडे परत आल्या तेव्हा माहेराचा प्रश्न उभा राहिला. सोवळे-ओवळे सांभाळत त्या ख्रिस्ती वस्तीत राहिल्या. राहुरीच्या मुक्कामात जातिभेद माणसाने केला आहे ही गाठ त्यांच्या मनात सुटली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे पुस्तक धर्मांतराची कथा म्हणून वाचले जाते. मला ते पाहुण्यांची कथा वाटते. टिळकांच्या घरात सतत कोणीतरी आलेले असते : अनाथ मुले, विद्यार्थी, भांडून आलेले, भूक लागून आलेले. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर नावारूपाला आलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपला बालकवी, तोही याच घरात राहिला. ज्यांची घरे सुटली त्यांनी आपले घर सर्वांसाठी उघडे ठेवले. हा स्वभाव होताच. पण ती त्या काळच्या ख्रिस्ती घरांची गरजही होती.

महारवाड्यातली गोष्ट वेगळी. नगर जिल्ह्यात मिशनकडे जे लोक संख्येने आले ते मुख्यतः महार आणि मांग समाजातले, आणि १८७६–७८च्या दुष्काळानंतर ती संख्या वाढली. दुष्काळी कामावरचे मजूर, त्याच सुमारास झालेली धोंड-मनमाड रेल्वे, मिशनने उघडलेली मदतीची कामे या सगळ्यांतून माणसे मिशनच्या जवळ आली. पण जवळ आलेला माणूस टिकायचा तो सोयऱ्यांमुळे. एकाने बाप्तिस्मा घेतला की बातमी त्याच्या बायकोच्या गावी जाई. मेव्हणा शाळा बघायला येई. पुढच्या थंडीत त्या गावाहून दौऱ्यासाठी बोलावणे येई. मिशनच्या अहवालांत हे ‘कार्याचा विस्तार’ म्हणून नोंदले जाते. पणजीच्या वहीच्या आधाराने मी गावांचा एक कच्चा नकाशा काढला, तेव्हा शाळा निघण्याचा क्रम आणि सोयरिकींचा क्रम मला एकाच वाटेने जाताना दिसला. तंबू त्याच वाटेने मागाहून गेला.

त्यामुळे अभ्यासक म्हणून मी अनेक वर्षे एक सिद्धान्त मांडत आले : ब्राह्मणांसाठी धर्मांतर म्हणजे नाते तुटणे, महारांसाठी धर्मांतर म्हणजे नात्याच्या वाटेने चालणे. व्याख्यानात हे वाक्य चांगले वाटे. पणजीचे कोरे माहेर त्यात बसत नव्हते.

याचा उलगडा आजीने केला. “अगं, भांडण देवाचं नव्हतं, वतनाचं होतं,” ती म्हणाली. महारकीची कामे म्हणजे मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोचवणे, जत्रेतले मान. ख्रिस्ती झालेली माणसे यांतल्या काही कामांना नाही म्हणू लागली. काम नाही तर बलुते नाही, असा गावाचा हिशेब. मग एका घराने सोडलेल्या कामाचे ओझे त्याच्या भाऊबंदांवर पडे आणि वर पाटलाचा रोष तोही त्यांच्यावरच. पणजीच्या वडिलांनी मुलगी मास्तराला दिली आणि त्यांच्या भावकीने त्यांना धारेवर धरले. वडिलांनी भावकी राखली. मुलीला सांगितले, येऊ नकोस. म्हणजे नाते महारवाड्यातही तुटत होते. फरक एवढाच, की त्याची ‘स्मृतिचित्रे’ कोणी लिहिली नाहीत.

*

गोऱ्या कुटुंबांनाही हे तुटणे चुकले नाही. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मला. १८५४ मध्ये त्याचे वडील मायदेशी परतताना समुद्रावरच वारले. मुलगा अमेरिकेत शिकला, १८७४ साली परत इकडे आला, १८७८ साली नगरला धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली आणि उभा जन्म इथेच काढला. सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ साली मुंबईला आणि १८३९ साली नगरला आली, आणि १८६२ मध्ये नगरच्या मातीतच विसावली. तिची मुलींची शाळा पाहायला जोतीराव फुले गेले ते नगरला नोकरीला असलेल्या गोवंडे या मित्राकडे पाहुणे म्हणून. त्यानंतर १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पाहुणा म्हणून केलेल्या एका खेपेतून काय निघू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

या सर्वांना बांधणारी एक गोष्ट होती : पावसाळा सरता सरता नगरला भरणारा वार्षिक मेळावा. खेडोपाडीची मंडळी गाड्या जुंपून, पायी चालून येत. उपासना, भाषणे, भजने, हिशेब हे सगळे असे. पण बायका त्यासाठी वर्षभर थांबत त्याचे कारण आजीने एका शब्दात सांगितले : “माहेरपण.” आयते जेवण, जुन्या शाळेतल्या मैत्रिणी, लेकराला कोणीतरी घेणारे. मेळावा उरकून गावी परतायचे, आणि लगेच दौऱ्याचा हंगाम सुरू. मग दळणे, पाणी, स्वयंपाक. घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायांची, म्हणजे ‘बायबल वुमन’ची, निदान संख्या तरी अहवालांत येते. पाहुण्यांसाठी पहाटे जात्यावर बसणाऱ्या मास्तरणीची तीही येत नाही. वहीत एका पौष महिन्यात तिने अकरा मुक्काम नोंदले आहेत. पणजोबांच्या पगारात ते कसे बसले असतील, हे वहीत नाही.

टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. पगारी उपदेशकाचा दौरा आणि आपल्या माणसांत जाणे यांत अंतर पडले आहे, असे त्यांना वाटू लागले होते. ९ मे १९१९ रोजी ते गेले. ते अंतर खरेच होते. तरी वही वाचल्यावर मला वाटते, दौऱ्याच्या सावलीत काही गोष्टी अशाही घडत होत्या, ज्यांचा हिशेब ना मिशनकडे होता ना टिळकांकडे.

कारण माहेर वहीत अजिबात नाही, हे मी वर लिहिले ते पूर्ण खरे नाही. शेवटच्या पानांत एका माघात नोंद आहे : नगरची कीर्तनाची मंडळी, दोन रात्री. त्याखाली वेगळ्या ओळीत दोनच शब्द : भाऊ आला. मला वाटले दीर असेल. आजी म्हणाली, दीर नव्हे, सख्खा भाऊ. कंदिलाची चित्रे बघायला चाललो, असे गावात सांगून तो सात कोस चालत आला होता. चित्रे बघायला जायला कोणाची मनाई नव्हती. कीर्तन संपेपर्यंत तो अंगणात गर्दीत बसला, मग मागल्या दाराने घरात आला. पहाटे उठून गेला. पुढच्या दोन हंगामांतही ‘भाऊ आला’ आहे, दोन्ही वेळा मंडळींच्या मुक्कामाच्या खालीच.

इतर प्रत्येक पाहुण्यापुढे पायली-शेराचा हिशेब आहे. या तीन ओळींपुढे नाही. मिशनच्या त्या वर्षांच्या अहवालांत आमच्या गावच्या मुक्कामाची नोंद मी शोधून पाहिली. श्रोते बरेच जमले होते, एवढेच तिथे आहे. त्या श्रोत्यांत एक जण बहिणीला भेटायला आला होता, हे पुरवणी म्हणून इथे नोंदवून ठेवते.