मोठेपणी दूध पिण्याची कुळकथा

मोठ्या वयात दूध पिणारा आणि पचवणारा सस्तन प्राणी ही निसर्गातली अपवादात्मक गोष्ट आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात तयार होते आणि पिल्लू आईचे दूध सोडू लागले की आटत जाते. वासराला लागू असलेला हा नियम माणसाच्या मुलालाही लागू होता, आणि जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना तो आजही लागू आहे. न पचलेले लॅक्टोज त्यांच्या मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ते आंबवतात, मग पोट फुगते, जुलाब होतात. उरलेल्यांत मात्र हे विकर जन्मभर तयार होत राहते. ही देणगी त्यांना कशी मिळाली, याची साक्ष मडकी, हाडे आणि जनुके अशा तिघांनी दिली आहे, आणि नैसर्गिक निवडीची इतकी भक्कम साक्ष माणसाच्या बाबतीत क्वचितच मिळते.

आधी सवय की आधी क्षमता, हा खरा प्रश्न. वायव्य अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, इसवी सनापूर्वीच्या सातव्या सहस्रकातल्या खापरांत दुधाच्या स्निग्धांशाचे अंश सापडले आहेत. उलट युरोपातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या हाडांतल्या डीएनएत दूध पचवणारा जनुकीय बदल जवळजवळ आढळतच नाही. तो बऱ्याच उशिरा, कांस्ययुगापासून पुढे, पसरलेला दिसतो. म्हणजे हजारो वर्षे माणूस पचत नसतानाही दूध वापरत होता. पोलंडमध्ये सापडलेली सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची भोकांची भांडी त्याचा मार्ग दाखवतात: त्यांत चीज गाळले जाई. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खातात, चीज करताना बरेचसे पाण्याबरोबर निघून जाते. ज्यांना दूध बाधते पण ताक चालते, त्यांना हे अनुभवाने ठाऊक असते.

यावर कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या दूध पिऊन शरीरच त्याला सरावले असेल. मंगोलियाचे उदाहरण याच्या आड येते. तिथे सुमारे पाच हजार वर्षे दूधदुभते चालू आहे, तरी हा बदल तिथे फार विरळा. सवयीने जनुक बदलत असते, तर तो तिथे घराघरांत असता. बदल आपोआप, गरजेशी संबंध न ठेवता घडतो. निवड फक्त घडलेल्या बदलांतून होते. फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून 2002 साली सापडलेला बदल लॅक्टेजच्या शेजारच्या जनुकातल्या एकाच अक्षराचा आहे, आणि भारतातही मुख्यतः तोच आढळतो, वायव्येकडे जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी. केनिया-टांझानियातल्या पशुपालकांत मात्र 2007 साली वेगळेच बदल आढळले, अरबस्तानात आणखी वेगळा. वेगवेगळ्या अपघातांना पशुपालनाने एकच किंमत दिली, हे मला या कथेतले सर्वांत पटणारे प्रमाण वाटते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. दही आणि चीज हाताशी असताना दूध पचण्याचा असा काय मोठा फायदा, की तो बदल इतका पसरावा? साडेपाचशेहून अधिक उत्खननस्थळांवरची खापरे तपासणाऱ्या 2022 सालच्या संशोधनाने याच शंकेला हात घातला. दुधाचा वापर कुठे किती होता, यावरून बदलाचा प्रसार नीट उलगडत नाही. दुष्काळ आणि रोगराईचे काळ धरले तर तो जास्त चांगला उलगडतो. धडधाकट माणसाला गुबारा धरेल, जुलाब होतील, इतकेच. उपासमारीत खंगलेल्याला तेच जुलाब जिवावर बेतू शकतात. म्हणजे निवडीचा जोर सगळ्या काळात सारखा नसावा, वाईट वर्षांत तो एकदम वाढत असावा.

यातून नवी प्रजाती झाली नाही, हे खरेच. दूध पचवणारे आणि न पचवणारे आजही एकमेकांशी सोयरीक करतात, त्यामुळे बदल मिसळत राहतात. दोन गट दीर्घकाळ एकमेकांपासून तुटले आणि असे असंख्य बदल दोन्हीकडे वेगवेगळे साठले, तर प्रजाती फुटते. प्रक्रिया तीच, मुदत आणि दुरावा मोठा. आणि ज्या प्रौढाला दूध सोसत नाही त्याला आजारी समजणे चूक आहे: माणसाची मूळ घडण त्याच्याकडे आहे, बदललेले आहेत ते दूध पचवणारे.