ढेकरावरचा कर, गवतावरचा दंड

गुराढोरांवर कर बसवण्याची कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. जुन्या महसुली कागदपत्रांत म्हैसपट्टी, वनचराई, शिंगशिंगोटी अशी नावे भेटतात आणि त्या नावांतून राज्यकर्त्याने जनावराकडे कोणत्या नजरेने पाहिले, हेही कळते. म्हैसपट्टीत म्हैस ही कुणब्याची संपत्ती असते. वनचराईत तीच म्हैस सरकारी गवताची गिऱ्हाईक होते. इंग्रजी अमलातल्या कोंडवाड्याने जनावराला गुन्हेगार ठरवले. अलीकडे जगात ज्या कराची चर्चा चालू आहे, त्याने या यादीत आणखी एका नजरेची भर घातली आहे. तिच्या लेखी जनावर हे धुराडे आहे. रवंथ करताना ते मिथेन वायू बाहेर टाकते, म्हणून त्याच्या मालकाने कर भरावा, असा हा विचार.

या कराविषयी ग्रामीण माणूस काय म्हणतो आणि तसे का म्हणतो, याचा इतिहासाच्या आधाराने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी यवतमाळ जिल्ह्याचा आग्नेयेकडचा मुलूख, झरी जामणी आणि त्याच्या शेजारचा वणी-पांढरकवड्याचा पट्टा, आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे. येथे असा कर आलेला नाही. भारतात तो प्रस्तावितही नाही. परंतु गवत आणि गुरे यांच्या सरकारी हिशेबाचा या मुलखाचा अनुभव दीडशे वर्षांचा आहे, आणि नव्या कराचे माप त्या अनुभवावरच घेतले जाणार.

प्रथम मूळ मुद्दा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटात सूक्ष्मजीव गवत आंबवतात. त्या क्रियेत तयार होणारा मिथेन बहुतांशी ढेकरावाटे बाहेर पडतो. गोबरगॅसच्या निळ्या ज्योतीत जळणारा मुख्य वायू तोच. हवेत तो साधारण बारा वर्षे टिकतो, पण तेवढ्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता अडवून धरतो. भारताच्या शेतीक्षेत्रातील उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या या पचनाचा आहे. 2019च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 19 कोटी 25 लाख गोवंशीय जनावरे आणि सुमारे 11 कोटी म्हशी होत्या. तेव्हा प्रश्न खोटा नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे.

या प्रश्नावर कराचा उपाय प्रथम गाजला तो न्यूझीलंडमध्ये. तेथील एकूण उत्सर्जनात शेती आणि पशुपालनाचा वाटा जवळपास निम्मा आहे. 2003 साली तेथील सरकारने जनावरांच्या उत्सर्जनावरील संशोधनासाठी शेतकऱ्यांकडून पट्टी घेण्याचे ठरवले. शेतकऱ्यांनी तिचे नाव ‘पाद-कर’ असे ठेवले. विज्ञानाच्या दृष्टीने हे नाव चुकीचे होते, कारण वायू मुख्यतः तोंडावाटे जातो. पण एका शब्दाने कराची प्रतिष्ठा घालवली. 4 सप्टेंबर 2003 रोजी शेन आर्डर्न या खासदाराने आपला जुना ट्रॅक्टर थेट संसदेच्या पायऱ्यांवर चढवला. पट्टी मागे घेतली गेली. 2022 साली जेसिंडा आर्डर्न यांच्या सरकारने उत्सर्जनाची किंमत वसूल करण्याची नवी योजना मांडली, तेव्हा ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यांवर आले. आणि 2025 साली तेथील नंतरच्या सरकारने मिथेनवर कर लावणार नाही असे जाहीर केले.

डेन्मार्कमध्ये गोष्ट वेगळी घडली. तेथे सरकार, शेतकऱ्यांची मुख्य संघटना, उद्योग, कामगार संघटना आणि निसर्गसंरक्षण संस्था वाटाघाटीला एकत्र बसल्या आणि जून 2024 मध्ये करार झाला. त्यानुसार 2030 पासून एक टन उत्सर्जनामागे 300 क्रोनर असा दर आहे. त्यात 60 टक्के सूट असल्याने प्रत्यक्ष भार 120 क्रोनर पडेल, आणि 2035 मध्ये तो 300 क्रोनरपर्यंत जाईल. विरोध तेथेही झाला. पण दर ठरवताना दर भरणाऱ्यांचे प्रतिनिधी समोर बसलेले होते. हा तपशील लक्षात ठेवून आपण वऱ्हाडाकडे वळू.

वऱ्हाडचा कारभार 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. आजचा यवतमाळ जिल्हा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वणीच्या नावाने ओळखला जाई. इंग्रजी दप्तरात त्याला ‘वून’ म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे वऱ्हाडात वेगळ्या आदेशांनी लागू होत असले, तरी जंगलधोरणाची दिशा तीच होती. 1878च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची व्यवस्था पक्की केली. गावाच्या वापरातले रान सरकारी झाले, आणि पूर्वी वहिवाटीने होणाऱ्या चराईला परवाना, फी आणि मुदत आली. पश्चिम विदर्भात गावच्या गायरानाला लोक अजूनही ‘ई-क्लास’ म्हणतात. एका इंग्रजी अक्षराने गावच्या कुरणाचे नाव झाकले जावे, यात बराच इतिहास आहे.

या बदलाची मराठीतील सर्वांत धारदार नोंद महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) या ग्रंथात आहे. वनखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने बळकावल्यामुळे गरीब शेतकऱ्याची शेरडे-गुरे चारायला जागा उरली नाही, हे ते सांगतात, आणि गावांची जुनी गायराने परत करावीत अशी मागणीही करतात. साहित्याचे विद्यार्थी या ग्रंथाकडे बहुधा भटशाहीवरील टीका म्हणून पाहतात. परंतु त्यातील अर्थविचाराचा मोठा भाग गवत, शेणखत आणि बैल यांच्याविषयी आहे. जनावर दुबळे झाले की शेत दुबळे होते आणि शेत दुबळे झाले की सारा भारी वाटतो, ही साखळी फुल्यांनी नेमकी पकडली होती. पुढे दहा वर्षांनी, 1893 मध्ये, सरकारनेच पाठवलेले रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी हिंदी शेतीवरील अहवालात शेणखताचे महत्त्व मांडले आणि जळण व वैरणीसाठी वेगळी राने राखण्याची सूचना केली. 1894च्या वनधोरणाने चराईच्या रानांबाबत उत्पन्नापेक्षा स्थानिकांची गरज आधी पाहावी, हे तत्त्वही कागदावर आणले. ते उतरले कागदावर. रानात मात्र परवाना आणि पावतीच राहिली.

पावती नसेल तर पुढची जागा कोंडवाड्याची. 1871च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात दंडाचे कोष्टकच होते: हत्तीला 2 रुपये, उंट किंवा म्हशीला 8 आणे, घोडा, बैल अथवा गाईला 4 आणे, वासरू, गाढव वा डुकराला 2 आणे आणि शेळी-मेंढीला 1 आणा. त्यावर खाण्याचा खर्च वेगळा; सोडवून नेले नाही तर लिलाव. ज्या जनावराने गवत खाल्ले त्याला उपाशी उभे करायचे आणि त्याच्या मालकाला मजुरी बुडवून धावायला लावायचे, असा हा व्यवहार. ‘कोंडवाडा’ हा शब्द मराठी मनात किती खोल गेला याची साक्ष दया पवार यांच्या 1974 मधील कवितासंग्रहाच्या नावाने मिळते. माणसाच्या कोंडमाऱ्यासाठी कवीला गुरांच्या तुरुंगाचेच नाव आठवले.

या पार्श्वभूमीवर 1930चे जंगल सत्याग्रह समजून घ्यावे लागतात. मिठाच्या सत्याग्रहाला वऱ्हाडात समुद्र नव्हता. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ केले गेले. पण सामान्य शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्याला जाऊन भिडणारा कायदा जंगलाचा होता. 10 जुलै 1930 रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. अणे हे 1880 मध्ये वणीला जन्मलेले. म्हणजे झरी जामणीच्या शेजारचेच. पुढे यवतमाळसह ठिकठिकाणी हे लोण पसरले. तिकडे कोकणात उरणजवळील चिरनेर येथे 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. एक विळा आणि एक पेंढी गवत यांनी सरकारला प्रश्न विचारला होता: या गवताचे मालक तुम्ही केव्हा झालात? दर कमी करा, ही मागणी त्यानंतरची. चराईची फी माणशी पाहता फार मोठी नव्हती. पण आपल्याच रानात आपण परके झालो, याची ती रोज हाती पडणारी पावती होती.

स्वातंत्र्यानंतर हा हिशेब मिटला का? अंशतः मिटला. 2006च्या वनहक्क कायद्याने चराई हा वनवासींचा सामूहिक हक्क म्हणून मान्य केला. कोलाम आणि गोंड वस्ती असलेल्या झरी जामणीसारख्या तालुक्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. ज्याला आधी फी आणि मग दंड म्हटले गेले, त्याला कायद्याने प्रथमच हक्क म्हटले. पण त्याच वर्षी दुसरेही एक घडले. 1 जुलै 2006 रोजी विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले. यवतमाळ त्यातला एक. जोडधंदा म्हणून निम्म्या अनुदानावर दुभती जनावरे देणे हा त्याचा भाग होता. पी. साईनाथ यांनी त्या काळात लिहिलेल्या वार्तापत्रांतून पुढची कथा कळली: जातिवंत जनावर दारात आले, पण त्याच्या ढेपेचा आणि चाऱ्याचा खर्च घरच्या माणसांच्या खाण्याहून जड झाला. सरकारने गाय मोजली होती, दूध मोजले होते. गवत मोजायचे राहून गेले.

मिथेनचा कर या मुलखात आला तर तो याच मोजणीत अडकेल. हे उत्सर्जन बहुधा दर लिटर दुधामागे किंवा दर किलो मांसामागे मांडले जाते. त्या कोष्टकात झरी जामणीची गावठी गाय नापास होणार, कारण ती दूध थोडे देते आणि कुटार-कडबा खाते. वाळलेल्या, चिवट वैरणीचे पचन निकृष्ट असते, त्यामुळे तिच्या प्रत्येक लिटरमागे मिथेन अधिक पडतो. पण तिचे शेण वावरात जाते, तिचा गोऱ्हा उद्या वखराला आणि डवऱ्याला जुंपला जातो, बंडी ओढतो. हे त्या कोष्टकात येत नाही. बैल विकून भाड्याचा ट्रॅक्टर आणला तर मिथेनच्या वहीत सुधारणा दिसेल आणि डिझेलचा धूर दुसऱ्याच वहीत जाईल. न्यूझीलंडच्या शेतकऱ्याची गाय हे उद्योगाचे भांडवल आहे. कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्याचा बैल हे औजार आहे आणि अडचणीच्या वर्षी विकायची शिल्लकही. एकाच दराने दोघांना मोजणे हा अन्याय ठरेल.

अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 मध्येच जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांत भेद करायला सांगितले होते. 2021 मध्ये ग्लासगो येथे मिथेन कमी करण्याच्या जागतिक प्रतिज्ञेवर भारताने सही केली नाही, त्यामागची भूमिका याच जातीची होती. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. कोलाम कुटुंबाच्या दोन गायींची ढाल करून हजारो जनावरांच्या दुग्धव्यवसायाने मागे लपावे, हेही न्यायाचे नाही. शिवाय तापमानवाढीचा पहिला फटका ज्याला बसतो, तो पावसावर अवलंबून असलेला हाच शेतकरी आहे. पेरणीनंतर पाऊस ओढ देतो, बोंडे फुटल्यावर अवकाळी येतो, तेव्हा हवेचा हिशेब त्याच्याकडूनच वसूल होत असतो. कर न लावताही.

उपाय नाहीत असे नाही. बंगळूरच्या संशोधन संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचे पशुखाद्य-पूरक तयार केले असून त्याने मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी कमी होतो, असे 2021 मध्ये सांगण्यात आले. पण सर्वांत जुना उपाय चांगल्या चाऱ्याचा आहे. कोवळे, पचायला हलके गवत मिळाले तर त्याच जनावरापासून दूध आणि काम अधिक मिळते आणि त्या मानाने मिथेन कमी. म्हणजे वाट पुन्हा गायरानापाशीच येते. ज्या गायरानासाठी फुल्यांनी लिहिले आणि पुसदला विळा चालला, त्याच गायरानापाशी.

विदर्भात पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हणण्याची रीत आहे. सावकार, व्यापारी, पुढारी, सरकार, कोणीही त्यांतून सुटत नाही. ढेकरावर कर बसला तर त्यावरही झडती होईल आणि शहरातला वाचक तिला अडाण्यांचा विनोद समजेल. तो विनोद असेलच. पण त्यामागे म्हैसपट्टी, चराईची पावती आणि कोंडवाड्याचे चार आणे असतील. ग्रामीण प्रतिक्रियेत विज्ञानाविषयीचे अज्ञान शोधणाऱ्यांनी हा मागचा हिशेब आधी वाचावा. शेतकऱ्याकडून हवेची किंमत मागायची असेल तर गवताची थकबाकी प्रथम चुकती करावी लागेल आणि दर ठरवताना त्याला समोर बसवावे लागेल. झरी जामणीत आजवर गुरांवरचा कोणताही आकार या क्रमाने आलेला नाही.