दिनविशेष : १० जुलै १९४४ – नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण

दुसऱ्या महायुद्धात इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे या दिवशी धारातीर्थी पडले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे पुढे धावले. हातबॉम्बने मशीनगन गप्प केली. गोळ्या संपताच बंदुकीच्या दस्त्याने लढले. शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे २२. माणगाव तालुक्यातील पळसगावच्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पार्थिव सापडले नाही. कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये मोंतोने गावानेही स्मारक उभारले. इटलीच्या त्याच मोहिमेत आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव हेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. आपल्या पारनेर तालुक्यातही कुणाच्या घरी परदेशी लढलेल्या आजोबा-पणजोबांची पदके, पत्रे असतील, तर ती मोडीत घालू नका.