अंगणवाडीतले अंगण कुठले? बोर्डी ते कोसबाड : एका शब्दाचा इतिहास

१/ महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात ‘अंगणवाडी कुठे आहे?’ असे विचारले, तर लोक एका खोलीकडे बोट दाखवतात. दारावर क्रमांकाची पाटी, भिंतीवर मुळाक्षरे, कोपऱ्यात वजनकाटा. अंगण मात्र बहुधा नसते. मग या शब्दात अंगण आले कुठून? त्याचे उत्तर पालघर जिल्ह्यातल्या एका किनारी गावात, १९४५ साली सुरू झालेल्या प्रयोगात आहे. #इतिहास #थ्रेड

२/ गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागेल. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेन्झो या कामकरी वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले इमारतीची नासधूस करीत; त्यांना कुणीतरी सांभाळावे, एवढीच मालकांची अपेक्षा होती. जगभर गाजलेल्या माँटेसरी पद्धतीचा उगम असा गरिबांच्या मुलांत आहे.

३/ भारतात या विचाराला आपले रूप दिले ते भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून ते ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. छडी नाही, घोकंपट्टी नाही. गोष्टी, गाणी, नाटक, भटकंती आणि हाताने करायची कामे. मुलांत रमणाऱ्या या माणसाला गुजरातने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, हे नाव दिले.

४/ १९२३ मध्ये त्यांना एक मराठी सहकारी मिळाल्या : ताराबाई मोडक. जन्म १८९२, प्रार्थनासमाजी घर, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. विवाह टिकला नाही. पदरी लहान मुलगी. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

५/ १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागली. मारू नका, भीती घालू नका, मुलाला स्वतः करू द्या, हे आज साधे वाटणारे सांगणे त्या काळी घराघराशी भांडण घेण्यासारखे होते. ‘छडी लागे छमछम’ हीच शिक्षणाची सर्वमान्य व्याख्या होती.

६/ पुढे ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरला ‘शिशुविहार’ सुरू झाले. १९३९ मध्ये खुद्द माँटेसरी मद्रासच्या अड्यारला आल्या आणि त्यांच्याकडून प्रशिक्षण घेण्यासाठी देशभरातून शिक्षक तेथे जाऊ लागले. नव्या बालशिक्षणाला प्रतिष्ठा मिळू लागली. पण याच टप्प्यावर एक विसंगतीही ठळक झाली.

७/ कामकऱ्यांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत भारतात आली तेव्हा शहरी सुशिक्षितांची झाली होती. मोजून-मापून घडवलेली लाकडी साधने महाग. जागा हवी, प्रशिक्षित शिक्षिका हवी, फी हवी. भारतातली बहुसंख्य मुले तर खेड्यांत होती. ती या पद्धतीत कुठे बसणार होती? ताराबाईंच्या पुढच्या आयुष्याची दिशा या प्रश्नाने ठरवली.

८/ उत्तर शोधण्यासाठी निवडलेले गाव होते बोर्डी. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचे उत्तर टोक. एका अंगाला समुद्र आणि फळबागा, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि वारल्यांचे पाडे. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे शिक्षणाची परंपरा गावात रुजलेली होती. ती पाड्यांपर्यंत मात्र पोचलेली नव्हती.

९/ ते वर्षही साधे नव्हते. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू भागातले वारली वेठबिगारी आणि लग्नगडीपणाविरुद्ध उठले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबत राहायचे, ही ती प्रथा. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभा लढत होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात पाच जण मारले गेले.

१०/ त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २४ डिसेंबर १९४५ रोजी, बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना झाली. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. दोन्ही कामांचे मार्ग वेगळे, विचार वेगळे; भूमी मात्र एकच. ज्या मुलांसाठी केंद्र निघाले, त्यांच्या घरांतले दारिद्र्य कुठून आले होते, हे समजायला ही पार्श्वभूमी हवीच.

११/ ताराबाईंच्या सोबत उभ्या राहिल्या अनुताई वाघ. जन्म १९१०, पुणे जिल्ह्यातले मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळच्या रीतीप्रमाणे आयुष्य तिथेच मिटायचे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या. १९४५ च्या एका शिबिरात ताराबाईंची भेट झाली आणि त्या बोर्डीला आल्या.

१२/ बोर्डीत बालवाडी उघडली. शाळा मोफत, शिक्षिका प्रेमळ. तरी दलित वस्त्यांतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. आई भल्या पहाटे कामाला जाणार. मुलाला न्हाऊ-माखू घालून, बरे कपडे चढवून वेळेवर शाळेत सोडणार कोण? आणि शाळा नावाच्या परक्या जागेची धास्ती वेगळीच.

१३/ अशा वेळी ‘या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. त्या काळचे दप्तरी वळणही तसेच होते. ताराबाईंनी चूक पालकांत नव्हे, शाळेच्या रचनेत शोधली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल. वस्तीतल्या एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण हाच वर्ग.

१४/ अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. शब्दाचा जन्म असा व्यवहारातून झाला. शिक्षिका वस्तीत जायच्या, मुलांना हाका मारून गोळा करायच्या. आधी हातपाय धुणे, आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. स्वच्छता ही प्रवेशाची अट नव्हती. तो पहिला धडा होता, आणि तो शाळाच देत होती.

१५/ महागड्या साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. समुद्रकाठचे शिंपले, निरनिराळ्या बिया, खडे, पाने, माती, बांबू. लहान-मोठे लावणे, रंग ओळखणे, मोजणे, स्पर्शाने पारखणे हे सारे यांतूनही साधते. इंद्रियांना वळण देण्याचे माँटेसरी तत्त्व कायम राहिले. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू मुलाच्या ओळखीच्या झाल्या.

१६/ अंगणाचा आणखी एक गुण होता. तिथे भिंत नसते. चुलीपाशी बसलेली आजी, ओट्यावरचा म्हातारा, कामावरून परतलेली आई, सगळ्यांना दिसते की मूल काय करते आहे. शिकणे बंद दाराआड घडत नाही. शिक्षिकेलाही दिसते, की मूल कोणत्या घरातून येते आणि सकाळी काय खाऊन येते.

१७/ १९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले, थेट आदिवासी पाड्यांच्या मध्यभागी. इथे प्रश्न वाढत्या वयाच्या मुलांचा होता. सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन दिवस काढायची. मुलगा गुरांमागे जायचा. ती शाळेत आली, तर ही दोन्ही कामे कोण करणार?

१८/ कोसबाडची ‘विकासवाडी’ हे याचे उत्तर होते. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताई धाकट्याला घेऊनच यायची. तो पाळणाघरात, मधला बालवाडीत, ती वर्गात. एका भावंडाच्या शिक्षणाआड दुसरे येत होते, ती अडचण आवारानेच दूर केली.

१९/ गुराख्यांसाठी निघाली ‘कुरणशाळा’. मुले गुरे घेऊन कुरणात जात. शिक्षकही तिथे जात. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. खड्यांनी गणित, भोवतालच्या झाडापाखरांतून निसर्गाभ्यास. घंटा, बाके, हजेरीची वेळ या गोष्टींना आपण शाळा समजतो. त्या वगळल्या तरी शाळा उरते, हे कुरणशाळेने दाखवले.

२०/ इथे एक कठीण प्रश्न विचारायला हवा. मुलाने गुरे राखावीत हे गृहीत धरूनच शाळा आखली, तर ज्या परिस्थितीने त्याला गुरांमागे पाठवले तिच्याशी ही तडजोड नव्हे का? आक्षेप खरा आहे. जमीन आणि मजुरीचा प्रश्न कुरणशाळेने सुटणार नव्हता. त्यासाठी परुळेकरांची वाट वेगळी होती. पण तो सुटेपर्यंत मुलाचे बालपण थांबून राहत नाही. कोसबाडचे काम त्या मधल्या काळातल्या मुलासाठी होते.

२१/ मानसन्मान उशिरा का होईना, आले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. इतरांना शिकवता शिकवता अनुताईंनी १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, स्वतः बी. ए. केले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये निधन होईपर्यंत ‘कोसबाडच्या अनुताई’ हीच त्यांची ओळख राहिली.

२२/ ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी अवघे ३३ प्रकल्प. केंद्रांना नाव दिले गेले ‘अंगणवाडी’. आज देशभर सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. या किनाऱ्यावर रुजलेला शब्द बिहारपासून तमिळनाडूपर्यंत सरकारी कागदांवर पोचला.

२३/ या विस्ताराचे मोल कमी लेखू नये. लसीकरण, पूरक आहार, आरोग्य तपासणी यांमुळे असंख्य मुलांपर्यंत शासन पहिल्यांदा पोचले. मात्र योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. बोर्डीत जे केंद्रस्थानी होते, ते सहांतले एक झाले. लोकांच्या बोलण्यात तर अंगणवाडी म्हणजे ‘खाऊ मिळतो ती जागा’ उरली.

२४/ कायद्यातही तीच कसर दिसते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो ६ ते १४ वयाला. सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न’ करावा, एवढेच कलम ४५ सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतला. बोर्डीतल्या सुरुवातीनंतर ७५ वर्षांनी.

२५/ आणि त्या टप्प्याचा भार जिच्यावर, त्या अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. ती ग्रॅच्युइटीला पात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. ताराबाई-अनुताईंसाठी बालशिक्षण हे शिक्षणातले सर्वांत अवघड आणि सर्वांत जबाबदारीचे काम होते.

२६/ अंगण म्हणजे नुसती घरापुढची जागा नव्हती. मूल आले नाही तर दोष आधी स्वतःत शोधायचा, ही त्यामागची शिस्त होती. आज एखाद्या ऊसतोड कामगाराच्या कोपीपाशी किंवा वीटभट्टीवर मूल शाळेविना दिसते, तेव्हा हजेरीपटावर ‘स्थलांतरित’ अशी नोंद होते. बोर्डीच्या अंगणात अशी नोंद करून काम संपत नसे. तिथून शिक्षिका निघायच्या, त्या मुलाच्या घराकडे.